बारावा नियम

बाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा टेंपोतून त्यांचं सामान उतरलं ते एवढंच: एक गादी, एक शेगडी, स्टीलचे चार डबे आणि सायकलचा सांगाडा. सांगाडा म्हणजे नुसती फ्रेम. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. गादी टेंपोवाल्यानं अंगणात फेकली, ती बाईंनी फेकू दिली. पण त्या सांगाड्याला त्याला हात लावू दिला नाही. अंड्यांची पाटी उतरवावी तशी ती फ्रेम त्यांनी स्वतः उतरवली.

"चाकं मागनं येणार व्हय?" मी विचारलं.

"चाकं काय, कुठंही मिळतात," बाई म्हणाल्या आणि वर बघू लागल्या. "काकू, हा आकडा कशाचा?"

आमचा गोठा पाडून आम्ही सहा खोल्या काढल्या होत्या. पुढची पडवी तेवढी ठेवली होती, आणि तिच्या तुळईला कंदील टांगायचा जुना लोखंडी आकडा तसाच राहिला होता. मी सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "वा." पाच मिनिटांत फ्रेम आकड्याला लटकली. गादी संध्याकाळपर्यंत अंगणातच पडून होती. तिच्यावर आमचं मांजर झोपून गेलं.

आता मी सत्तरीला टेकले आहे. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे बासष्टची. तरुणपणी माणसाच्या अंगात जो काही मूर्खपणा असायला हवा तो सगळा माझ्यात भरलेला होता, आणि त्यात मी नुकती घरमालकीण झाले होते. खोल्या माझ्या नावावर. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी शिकलीसवरली माणसं मला "काकू, पाणी कधी येईल?" म्हणून विचारायची. मी लगेच उत्तर द्यायची नाही. जरा थांबायची, आभाळाकडे बघायची आणि मग सांगायची. जणू पाणी मीच सोडणार होते.

त्याच सुमाराला सूसला एका नातेवाइकांच्या सोसायटीत गेले होते. तिथं फाटकाशी नियमांची पाटी होती. मला ती इतकी आवडली की लग्नपत्रिकेच्या पाठीमागं पेन्सिलीनं सगळे नियम उतरवून आणले आणि आमच्या भिंतीवर रंगवून घेतले. अकरा नियम. त्यात चौथा होता, "लिफ्टचा वापर जपून करावा." आमच्या खोल्या एका ओळीत, एका मजल्याच्या. पेंटर बिचारा म्हणाला, "काकू, लिफ्ट?" मी म्हणाले, "तू लिही. उद्या बसवली तर मग कुटं जागा शोधायची?"

बाईंनी पहिल्याच दिवशी बोट ठेवून अकराच्या अकरा नियम वाचले. आजवर दुसऱ्या कुणी वाचले नव्हते. मग विचारलं, "लिफ्ट कुठं आहे?"

"पुढं बसवायची हाय," मी म्हणाले.

"बरं."

त्यांच्या खोलीला एकच पायरी होती. ती चढताना बाई दर वेळी मोठ्यानं "जपून" म्हणायच्या. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, तीन वर्षं. चेहऱ्यावर काही नाही. हातात भाजीची पिशवी असो की पाण्याची बादली, पाय उचलला की "जपून". पहिल्या महिन्यात मला वाटायचं, बाई शिस्तीच्या आहेत. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं.

बाई पन्नाशीच्या, अंगानं किडकिडीत, केस कानापर्यंत कापलेले, चष्मा बुटाच्या नाडीनं गळ्यात बांधलेला. माहेर अकोल्याकडचं. सोमवार ते शुक्रवार इस्त्रीचा कुडता घालून आठ वाजता कोपऱ्यावर उभ्या, कंपनीची गाडी आली की जायच्या. शनिवार-रविवार मात्र अंगात पुरुषाचा जुना शर्ट. बाकी भाडेकरू त्या शर्टाबद्दल आपसांत कुजबुजायचे. मी घरमालकीण, मी सरळ विचारलं.

"माझाच आहे," बाई म्हणाल्या. "पुरुषांच्या दुकानातून घेतला. त्यांच्या कपड्यांना खरे खिसे असतात."

नवऱ्याचंही विचारलं. माझं कर्तव्यच होतं ते.

"होता."

"मंग?"

"सुकू द्या, काकू."

हा त्यांचा शब्द. रंगापासून निघालेला, पण सगळ्याला लागू. दोन नंबरच्या खोलीतली पोरं भांडली, "सुकू द्या." माझ्या सुनेनं अबोला धरला, "सुकू द्या, आत्ता हात लावला तर बोटं उमटतील." पिरंगुटच्या रस्त्यावर गाड्या तुंबून कंपनीची गाडी दीड तास उशिरा आली, तरी बाई कोपऱ्यावर उभ्या राहून ड्रायव्हरलाच सांगायच्या, "सुकू द्या, दादा."

आणि सुट्टीच्या दिवशी, फ्रेम. सकाळी चहा झाला की बादलीभर पाणी घेऊन बसायच्या आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं तिला घासत राहायच्या. खर्र, खर्र, खर्र. तासन् तास. ती फ्रेम भंगारातून आणलेली होती आणि तिच्यावर किती जणांनी किती रंग चढवले होते देव जाणे. एकेक थर निघाला की बाई मला बोलवायच्या.

"हा हिरवा पाहा. गंजावरच मारला. माणूस घाईतला. हा खालचा निळा मात्र शहाण्याचा आहे, कोपऱ्यात सुद्धा सारखा बसलाय. आणि ह्या लालमध्ये ब्रशचा केस अडकलाय. त्यानं पाहिला असणार. पाहिला आणि राहू दिला." मग पॉलिश पेपर पाण्यात बुडवत, "अशा माणसाला पोरगी देऊ नये."

जिवंत माणसांविषयी बाई इतकं कधी बोलल्या नाहीत.

एकदा मी विचारलं, एवढं कशापायी करता? दुकानात दिली तर दिवसभरात रंगवून देतील. बाई म्हणाल्या, "कंपनीत दिवसभर मी जे करते, ते संध्याकाळी कुणीतरी दुरुस्त करतं. दुसऱ्या दिवशी त्याचं मी दुरुस्त करते. पंचवीस वर्षं हेच करून राहिली. एक तरी वस्तू अशी पाहिजे न बाप्पा, की मी केली आणि तिला कुणी हात नाही लावला."

हे वाक्य मी तेव्हा एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. पुढं त्याचा मला चांगलाच चटका बसला, ते सांगते.

पण आधी सड्याचं. मी रोज पहाटे उठून अंगणात सडा घालते. सून म्हणायची, "आत्या, निम्मं अंगण सिमेंटचं, कशाला पाणी घालवता?" एका पहाटे बाई दार उघडून बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या.

"हे रोज करता?"

"न्हाई तर काय. लक्ष्मी यायची असती घरात."

"लक्ष्मीचं मला माहीत नाही. धूळ बसते," बाई म्हणाल्या. "फॅक्टरीत रंगाला धूळ लागू नये म्हणून वेगळी खोली बांधतात, काकू. तुम्ही तांब्यानं करून राहिल्या."

त्यानंतर बाईंच्या रंगाचा प्रत्येक हात माझ्या सड्यानंतर बसायचा. सडा पडला, धूळ बसली, की त्या तोंडाला रुमाल बांधून स्प्रेचा डबा घेऊन हजर. मी अशी काही फुगले की रोजच्या दोन बादल्यांच्या चार झाल्या. सुनेला म्हणाले, "फ्याक्टरीत यासाठी येगळी खोली बांधत्यात."

अशात दोन नंबरच्या पोरांनी तक्रार केली. रंगाचा वास येतो, डोकं दुखतं. तक्रार माझ्याकडं नाही, थेट माझ्या लेकाकडं. माझा लेक जमिनीच्या व्यवहारात असतो, घोटावड्यापासून हिंजवडीपर्यंत त्याच्या ओळखी. दारात पांढरी नवी गाडी. गाडी आल्यापासून त्याला अंगणातला प्रत्येक जुना जिन्नस खुपायला लागला होता. आधी माझा पाटा काढायला लावला, मग कोंबड्या, आता ही फ्रेम.

"आई, हे बंद कर," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येतं, दारात भंगार लटकतंय. लई झालं."

"बरं."

"बरं न्हाई. भिंतीवर लिहून टाक, अंगणात रंगकाम करू नये. ऐकलं तर ठीक, न्हाईतर दसरा झाला की खोली खाली करा म्हणावं."

मला खरं तर ते आवडलं. बारावा नियम! आणि हा माझा स्वतःचा, सूसवरून आणलेला नाही. पेंटरला बोलवायचं कशाला, मीच लिहीन म्हटलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, अक्षर वळणदार. फक्त माझ्याकडं ब्रश नव्हता. गावात ब्रश कुणाकडं असणार? मी गेले बाईंकडंच.

"काय लिहायचंय?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. "अंगणात रंगकाम करू नये."

त्यांच्या जागी मी असते तर ब्रश विहिरीत टाकला असता. बाई चष्मा लावून भिंतीपाशी गेल्या, तळहात फिरवला आणि मला दाखवला. पांढराफटक.

"काकू, हा चुना सुटून राहिला. ह्यावर लिहिलं तर वर्षभरात पोपडे येतील. नियम टिकायला पाहिजे न?"

"व्हय की."

"मग आधी घासा."

आणि मी घासलं. घरमालकीण, बासष्ट वर्षांची, पदर खोचून, स्वतःच्या भाडेकरणीच्या हाताखाली, तिलाच काढायचा नियम लिहिण्यासाठी दिवसभर भिंत घासत होते. दुसऱ्या दिवशी भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. तिसऱ्या दिवशी प्रायमरचा पहिला हात. मी ब्रश मुठीत धरला तर बाई ओरडल्या, "लाटणं नाही ते! सुई धरता तशी धरा." मी सुईसारखा धरला. हात सरकन गेला, कडेपर्यंत, एका रेषेत. मला काय वाटलं कसं सांगू. चाळीस वर्षं मी शेणानं जमीन सारवली, भिंती सारवल्या, पण कुणी म्हटलं नव्हतं की हात चांगला आहे. बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे."

तो प्रायमर सुकेपर्यंत आम्ही पायरीवर बसलो. लटकलेल्या फ्रेमकडं बघता बघता माझ्या तोंडून ते निघून गेलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "पोरी, सायकल येती का?" आणि मला येत होती! माहेरी भावाची सायकल मी मधल्या दांड्याखालून पाय घालून अख्ख्या गावात पळवायची. पण मी शहाणी. मला वाटलं, हा डाव आहे. हो म्हटलं तर म्हणतील, पोरगी उनाड. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "न्हाई, जी." सासरे "अरेरे" म्हणाले. लग्न झाल्यावर कळलं, की शेत तासभर लांब, सासूबाईंचे गुडघे दुखरे, आणि सासऱ्यांना सायकल येणारी सूनच हवी होती. सायकल घेऊनसुद्धा ठेवली होती. माझ्या "न्हाई"नंतर ती पुतण्याला देऊन टाकली. त्या सायकलवरून तो पुतण्या रोज माझ्या शेजारून घंटी वाजवत जायचा आणि मी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन चालत. एक दिवस नाही, चाळीस वर्षं. आणि चालायची कशी? ऐटीत! बघा म्हणावं, कशी मर्यादेची सून आहे. बाभळीच्या सावलीला बसून दम खायची ते कुणाला दिसत नव्हतं.

बाईंना हसताना आवाज यायचा नाही. गळ्यातला चष्मा हलायचा. तो बराच वेळ हलला.

"मी उलटं केलं," मग त्या म्हणाल्या. "कंपनीत सगळ्यांना सांगून ठेवलं, मी सायकल चालवते. मला येत नाही."

"आँ?"

"कधीच आली नाही. रंगवायला ती यावी लागत नाही."

अशा आम्ही दोघी. एक येत असून नाही म्हणणारी आणि एक येत नसून हो म्हणणारी. समोर भिंतीवर गुळगुळीत पांढरा चौकोन सुकत होता.

चौथ्या दिवशी लेकानं विचारलं, "लिहिलं का?"

"सुकतंय," मी म्हणाले.

"चार दिस?"

"हवा दमट हाय."

आठवड्यानं पुन्हा विचारलं. "सुकतंय." पंधरा दिवसांनी, "दुसरा हात द्यायचाय." खरं सांगायचं तर चौकोन कधीच सुकला होता. पण त्याच्यावर ते वाक्य लिहायला माझा हात होईना. चांगला हात आहे म्हटलेला हात तो.

मधल्या काळात एका शनिवारी बाई फ्रेम घेऊन घोटावड्याच्या वेल्डिंगवाल्याकडं गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या, तर फ्रेमचा मधला दांडाच गायब. त्याच्या जागी खाली वाकलेला, गुडघ्याइतका नवा पाइप.

"अवो, दांडा कुटं गेला?"

"अडत होता."

"कुणाला? तुमाला तर चालवता येत न्हाई."

"साडीला."

"तुमी साडी कुटं नेसता?"

"सुकू द्या, काकू."

मी "बरं" म्हणाले आणि आत जाऊन भाकरी थापायला लागले. बुद्धी बघा! पुढच्या आठवड्यात त्यांनी सहज म्हणून विचारलं, रंग कोणता बरा दिसेल? मी म्हणाले, करडा. नाहीतर चॉकलेटी. वयाला शोभंल असा.

"वय सायकलचं सांगून राहिल्या की कुणाचं?"

"आसंच आपलं. लोक बघत्यात."

"लोकांनी बघायलाच रंग असतो न. तुम्हाला कोणता आवडतो ते सांगा. शोभणारा नको."

मी इकडंतिकडं बघितलं. जवळपास कुणी नव्हतं. "राणी," मी म्हणाले. माझ्या लग्नातल्या शालूचा रंग. सासूबाईंनी तो नणंदेला दिला होता, आणि त्यानंतर मी कधी राणी रंग अंगाला लावला नव्हता.

तरीसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बासष्ट वर्षांची होते, म्हटलं ना.

मग दसरा आला. आमच्यात दसऱ्याला अवजारांची पूजा. विळा, कोयता, कुदळ, ट्रॅक्टर, गाडी, घरातला मिक्सरसुद्धा. मी पहाटे सडा घातला, अंघोळ केली, ताट घेतलं आणि एकेकाला हळदकुंकू लावत निघाले. लेकाच्या गाडीला लावलं, झेंडूची माळ घातली. वळून बघते तर पडवीत आकड्याला ती फ्रेम. राणी रंगाची. सूर्य नुकता वर आला होता आणि ती अशी चमकत होती, की नव्या नवरीला कुंकू लावल्याशिवाय कसं सोडायचं? मी ओल्या हातानं कुंकवात बोटं बुडवली आणि पुढच्या पाइपवर पाचही बोटं ओढली.

बोटं चिकटली.

बाईंनी माझ्या सड्यावर विश्वास ठेवून तासाभरापूर्वीच शेवटचा हात दिला होता. सात महिन्यांच्या घासण्यावरचा शेवटचा हात. मी बोटं काढली तेव्हा पाच लांब रेघा होत्या, त्यांत कुंकू, हळद आणि एक अक्षतेचा दाणा. आणि माझ्या बोटांना राणी रंग.

ते वाक्य तेव्हा आठवलं. एक तरी वस्तू अशी, जिला कुणी हात नाही लावला.

बाई खोलीतून बाहेर आल्या. पायरी उतरल्या. फ्रेमकडं बघितलं, माझ्या बोटांकडं बघितलं. मी रडायला लागले. सणासुदीला, ताट हातात घेऊन, लहान पोरीसारखी. "बाई, म्या वाटूळं केलं तुमचं. घासून देते. आत्ता घासून देते."

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. मग जवळ वाकून, चष्मा लावून, ते ठसे त्यांनी बराच वेळ वाचले. तो हिरवा आणि निळा वाचला होता तसेच. "माणूस घाईतला," त्या म्हणाल्या. "पण मनापासून लावलंय."

"घासते म्हनलं ना मी."

"काहून? सायकल तुमचीच आहे, काकू. आता सही पण झाली." आणि मग, सवयीनं, "सुकू द्या."

दोन दिवसांनी त्यांनी त्या बोटांवरून, कुंकवावरून, दाण्यावरून पारदर्शक लॅकरचा हात दिला. ते ठसे आजही तसेच आहेत, काचेखाली ठेवल्यासारखे.

पिरंगुटच्या सायकलवाल्याकडून चाकं आली, सीट आली, घंटी आली. रविवारी सकाळी मी बाहेर आले तर लेक अंगणात पाइप लावून गाडी धूत होता.

"नियम सात," मी म्हणाले. "अंगणात वाहन धुऊ नये."

तो काही बोलणार तोच त्याला सायकल दिसली. मग तिच्यावर बसणारी मी दिसले.

"आई! उतर खाली. लोक काय म्हंतील?"

"तू इचारून ये त्यांना. तवर मी कोपऱ्यापातुर जाऊन येते."

"या वयात पडलीस म्हंजे?"

"या वयात पडले तर जमिनीपातुरच पडन. तिथनंच तर समदं पिकतंय आपलं."

बाईंनी मागून सीट धरली. चार पावलं धावल्या आणि सोडली. आणि अंगाला आठवलं! डोकं विसरलं होतं, अंग नाही. फाटकातून बाहेर, रस्त्याला, डावीकडं कंपनीच्या शेडची भिंत, जिथून एकेकाळी आमच्या शेताची वाट सुरू व्हायची. तासाभराची वाट म्हणायचे तिला. कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी असलेली माणसं वळून बघत होती. बघू देत. लोकांनी बघायलाच रंग असतो. मी घंटी वाजवली. पुतण्याच्या नावानं आणखी दोनदा वाजवली.

परत आले ती थेट अंगणात, जोरात, आणि ब्रेक दाबायचा विसरले. गाडीच्या दाराला पायडल घासलं. करकरीत आवाज. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत एक लांब ओरखडा.

लेक पाइप हातात धरून उभा. पाणी त्याच्याच पायावर पडत होतं.

"झालं समाधान?" तो ओरडला. "दसरा सरलाय. ह्या म्याडमना सांग, आजच्या आज खोली..."

"बाई ऱ्हातील," मी म्हणाले. सायकल धरून उभी होते. "खोली माझ्या नावावर हाय. त्यांना ऱ्हायचं तवर ऱ्हातील, आन रंगवायचं ते रंगवतील. तुला वास येत आसंल तर दार लावून घे."

जन्मात पहिल्यांदा मी लेकाला नाही म्हटलं होतं. नाही कुठं म्हणायचं असतं ते कळायला इतकी वर्षं गेली.

लेकानं पाइप खाली टाकला. बाई गाडीपाशी उकिडव्या बसल्या आणि ओरखड्यावरून बोट फिरवलं. "खोल नाही गेला," त्या म्हणाल्या. "असा काढून देईन की शोधून सापडणार नाही. पण इथं नाही करता येणार."

"का?" लेक म्हणाला.

"अंगणात रंगकामाला मनाई आहे न."

लेकानं भिंतीकडं बघितलं. अकरा नियम, आणि त्याखाली गुळगुळीत पांढरा चौकोन. कोरा. मग गाडीकडं बघितलं. पुन्हा चौकोनाकडं.

"कुटं लिहिलंय तसं?" तो पुटपुटला.

"व्हय," मी म्हणाले. "आजून सुकतंय."

त्या ओरखड्याला बाईंनी तीन रविवार घेतले. गाडी पडवीखाली, कागद चिकटवलेली, तीन आठवडे जागची हलली नाही. लेक मित्राच्या दुचाकीवर मागं बसून हिंजवडीला जायचा. काही म्हणायला तोंड उघडलं की बाई म्हणायच्या, "सुकू द्या, दादा." शेवटी ओरखडा सापडेना. तो बोटानं शोधत बसला. दोन नंबरची पोरंही बघायला आली आणि त्यांतल्या एकानं हळूच विचारलं, माझ्या बाइकच्या टाकीचं काही करता येईल का?

आल्यापासून तीन वर्षांनी कंपनीनं बाईंना दुसऱ्या शहरात पाठवलं. टेंपोत सामान चढलं ते एवढंच: गादी, शेगडी, चार डबे, आणि भंगारातून आणलेली एक नवी फ्रेम. बिनचाकांची. अखेरपर्यंत त्यांना सायकल आली नाही. मी शिकवते म्हटलं तर म्हणाल्या, "नको. एखादी गोष्ट नुसती बघायलाही असावी." जाताना पायरी उतरल्या, मागं वळल्या, "जपून" म्हणाल्या आणि गेल्या. पोचल्याचा निरोप यायला आठ दिवस लागले. त्यात दोनच ओळी होत्या: इथं सडा घालत नाहीत. धूळ फार.

परवा लेकानं सगळी भिंत नव्यानं रंगवायला काढली. पेंटर विचारायला आला, "आजी, ह्यो खालचा चौकोन कोराच ठेवायचा का?"

"त्याला हात लावू नको," मी म्हणाले. "आता सुकलाय."

ब्रश घेतला. सुई धरतात तसा धरला. लिफ्टचा नियम तसाच ठेवलाय, बाकीचेही. आणि त्याखाली, माझ्या अक्षरात, राणी रंगात:

"१२. या अंगणात ज्याला जे रंगवायचं असेल ते त्यानं रंगवावं. आधी नीट घासावं. मालकीणबाईंची परवानगी काढू नये. त्या सायकलवर गेलेल्या असतात."